कंट्रोल ग्रुपचा उंदीर आधीच घाबरलेला असेल तर

बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंतच्या पट्ट्यात फार्मसी आणि आयुर्वेदाची कॉलेजं भरपूर. एम.फार्म.चा विषयही बहुतेक वेळा ठरलेलाच असतो. एखाद्या वनस्पतीचा अर्क, स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन देऊन केलेला मधुमेह, सहा-सहा विस्टार (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या जातीच्या) उंदरांचे पाच गट आणि २१ किंवा २८ दिवसांचं डोसिंग. अर्क कसा काढला, सॉक्सलेट हे अर्क काढायचं उपकरण किती तास चालवलं, यावर प्रबंधात पानंच्या पानं असतात. उंदीर कसे ठेवले यावर मात्र एकच वाक्य: 'प्रमाणित प्रयोगशाळेच्या परिस्थितीत ठेवले.' प्रयोग बिघडतो तो बहुतेकदा या वाक्याच्या आतच.

घाबरलेल्या उंदराच्या रक्तातली साखर वाढते, हे तर मधुमेहाच्या प्रयोगात थेट मुळावरच येतं. गटात सहाच जनावरं असताना त्यातली दोन धसकलेली निघाली, की स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, फुगतं आणि औषधाचा खरा परिणामही आकड्यांत बुडून जातो. याहून वाईट म्हणजे ताण सगळ्या गटांना सारखा बसत नाही. नॉर्मल कंट्रोलला, म्हणजे मधुमेह न केलेल्या तुलनेच्या गटाला, रोज तोंडात डोसची सुई घालायची गरज काय, असं म्हणून त्यांना नुसतंच सोडून दिलेलं असतं. मग शेवटी दोन गटांत जो फरक दिसतो तो अर्काचा की रोजच्या सुईचा, हे कुणालाच सांगता येत नाही. कंट्रोललाही तेच व्हेईकल (अर्क ज्यात कालवतात तो द्रव), तेवढंच प्रमाण, तीच सुई, तीच वेळ. यात सूट नाही.

ताण मोजायचा असेल तर उंदराचं मुख्य ताण-संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन आहे, माणसाचं कॉर्टिसॉल नव्हे. माणसांसाठीचं कॉर्टिसॉल किट वापरून उंदरांचे आकडे छापणारे अजूनही भेटतात. त्या आकड्यांना अर्थ नसतो. पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्त घेतलं तरच 'शांत' उंदराचा आकडा मिळतो. त्यानंतर पातळी चढायला लागते, पंधरा ते तीस मिनिटांत शिखर गाठते आणि उतरायला तास-दीड तास घेते. एका पिंजऱ्यात तीन उंदीर असतील आणि एकटा माणूस एकेक काढून रक्त घेत असेल, तर तिसऱ्याची पातळी त्याची पाळी येईपर्यंत वर गेलेली असते. दोन माणसं लावा, नाहीतर कितव्या क्रमांकाला कुठल्या गटाचा उंदीर येतो ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. 'आधी ग्रुप एक, मग ग्रुप दोन' असं केलं तर शेवटच्या गटाला केवळ रांगेत मागे असल्याची शिक्षा मिळते. शिवाय हे संप्रेरक दिवसभर सारखं नसतं: दिवे लागल्यानंतर सकाळी कमी, दिवे मालवायच्या सुमाराला सर्वांत जास्त. म्हणून सगळ्या गटांचे नमुने सकाळच्या त्याच दोन तासांत घ्यायचे. दुपारच्या जेवणानंतर उरलेले दोन गट, हे चालत नाही.

आता पिंजरा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिंजऱ्याचं तोंड साधारण ४१ × २८ सेंमी असतं. कॅटलॉगमध्ये तेच माप छापतात. पण पिंजरा खाली निमुळता होतो. आतला तळ मोजला तर ३७ × २४च्या आसपास भरतो, म्हणजे ८८८ चौरस सेंमी. भारतातल्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे आधीच्या सीपीसीएसईए आणि आताच्या सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या) तक्त्याप्रमाणे, ३०० ते ४०० ग्रॅमच्या उंदराला सुमारे २५८ चौरस सेंमी जागा लागते. तोंडाच्या मापाने चार उंदीर बसतात, तळाच्या मापाने तीनच. युरोपीय महासंघाच्या २०१०च्या निर्देशात याच वजनाला ३५० चौरस सेंमी आहेत. त्या हिशेबाने दोनच बसतील. आणि हिशेब प्रयोग संपतानाच्या वजनाचा करायचा. २०० ग्रॅमचे चार उंदीर पहिल्या दिवशी ऐसपैस दिसतात. निरोगी गटातले तेच चार अठ्ठावीस दिवसांनी एकमेकांवर चढून बसलेले असतात.

उंचीचं दुखणं वेगळंच. नियम १७.८ सेंमीचा आहे, पण पूर्ण वाढलेला नर मागच्या पायांवर सरळ उभा राहिला तर तेवढ्यात मावत नाही. उभं राहून हुंगणं हा उंदराचा रोजचा उद्योग आहे. त्यात खाद्याची व्ही आकाराची जाळी मधोमध खाली उतरलेली असते. नवीन पिंजरे घ्यायचे असतील तर तळाच्या चार इंचांसाठी भांडू नका, उंचीसाठी भांडा, असं माझं मत आहे. खरेदी समितीला ते पटवणं कठीण जातं, कारण उंच पिंजरे रॅकमध्ये कमी बसतात.

एकट्याने ठेवलेला उंदीर हा शांत उंदीर नसतो. हा कळपात राहणारा प्राणी आहे. पिंजरा बदलणं, इंजेक्शन अशा रोजच्या कामांनी हृदयाचे ठोके वाढतात, ते सोबती असलेल्या उंदराचे कमी वाढतात, हे टेलिमेट्रीने (अंगात बसवलेल्या बिनतारी यंत्राने) मोजलेलं आहे. नर माइस (प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांची वेगळी जात) एकमेकांना फाडतात तसे नर उंदीर सहसा फाडत नाहीत, तेव्हा 'मारामारी करतील' म्हणून वेगळे ठेवायचं कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा मेटाबोलिक केजमध्ये (लघवी-लेंड्या वेगळ्या गोळा करायच्या पिंजऱ्यात) एकटं ठेवावंच लागलं तर दिवस मोजून ठेवा आणि तसं लिहा. उंदीर आणि माइस मात्र एका खोलीत नकोत. उंदीर माइसना मारून खातो, आणि माइसना त्याच्या वासाची भीती जन्मजात असते.

बेडिंगच्या बाबतीत या भागाची सोय आणि अडचण एकच: भाताचं तूस. खानापूरकडच्या राइस मिलमधून ते स्वस्तात आणि पोत्यांनी मिळतं. पण तूस पाणी फार शोषत नाही, धूळ भरपूर असते, आणि टोकं टणक असल्याने डोळे आणि नाक चुरचुरतं. वापरायचंच तर आधी चाळायचं. मग कापडी पिशवीत सैल भरून १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायचं, कारण ठासून भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोचतच नाही. त्यानंतर पूर्ण वाळवून निदान दोन-तीन सेंमीचा थर द्यायचा. ऑटोक्लेव्ह टाळू नका. मिलच्या कोठारात मोकळ्या उंदरांनी त्यावर काय काय केलेलं असतं, ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.

लाकडाच्या वखारीतला फुकटचा भुसा त्याहून धोक्याचा. त्यात कुठलं लाकूड आहे, त्यावर कसलं औषध मारलंय, काही कळत नाही. देवदार, पाइनसारख्या सुगंधी लाकडांतली बाष्पं उंदराच्या यकृतातली सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम्स वाढवतात. म्हणजे तुमचं औषध यकृतात वेगळ्याच वेगाने मोडतं, आणि दोष जातो अर्काच्या माथी. पॅरासिटामॉल देऊन यकृताला इजा करणाऱ्या प्रयोगात तर ही एन्झाइम्सच खेळ ठरवतात. मक्याच्या कणसाचं बेडिंग पाणी छान शोषतं, पण त्यातली काही द्रव्यं इस्ट्रोजेनच्या कामात ढवळाढवळ करतात, त्यामुळे पैदाशीच्या पिंजऱ्यांत ते नको. आणि बेडिंगची कटकट नको म्हणून तारेच्या तळाचे पिंजरे वापरणाऱ्यांनी उंदराचा तळपाय एकदा उलटा करून बघावा. जड नरांच्या टाचेखाली आधी केस जातात, मग कातडी लाल होऊन जाड होते, शेवटी जखम. निवड दिली तर उंदीर झोपायला भरीव तळच निवडतो.

पावसाळा ही बेळगावच्या अ‍ॅनिमल हाऊसची खरी परीक्षा. आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत ठेवायची असते. जून ते सप्टेंबर ती बाहेरच त्याच्या वर असते. तूस वाळत नाही, लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, आणि तो तळाशी साठतो, नेमका उंदराच्या नाकाच्या उंचीवर. २५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला की श्वासनलिकेचं अस्तर बिघडतं, आणि मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा श्वसनाचा आजार करणारा जिवाणू आधीच अंगात असेल तर तो उसळी मारतो. मग शिंका, नाकातून घरघर, मान वाकडी करून चालणारे उंदीर दिसायला लागतात. खोलीत वास येत नाही यावर जाऊ नका. रोज तिथे काम करणाऱ्याचं नाक पाच मिनिटांत सरावतं, आणि पिंजऱ्यातला अमोनिया खोलीतल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. बाहेरून आल्याआल्या पहिल्या श्वासात, जाळी उचलून, पिंजऱ्याच्या काठाशी नाक नेऊन बघायचं, नाहीतर अमोनियाची पट्टी वापरायची. पावसाळ्यात आठवड्याला दोनऐवजी तीनदा बेडिंग बदला आणि पिंजऱ्यात एक उंदीर कमी ठेवा. एक्झॉस्ट थंडीतही बंद करायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री गारठा असतो, आणि 'जनावरांना थंडी लागेल' म्हणून खिडक्या-पंखे बंद केले की तासाला बारा ते पंधरा वेळा खेळायला हवी ती हवा तशीच साचून राहते. थंडीवर उपाय म्हणजे घरट्यासाठी कागद: न छापलेला, पट्ट्या केलेला, उंदरामागे मूठभर. उलट हवा फार कोरडी झाली, आर्द्रता ४०च्या खाली गेली, की दूध पिणाऱ्या पिल्लांच्या शेपटीवर वळ्या पडून शेपूट आवळली जाते.

पिंजरा साफ करणं हाही ताणच आहे. स्वच्छ पिंजऱ्यात टाकल्यावर ठोके आणि रक्तदाब तासभर तरी वर राहतात, कारण स्वतःचा सगळा वास गेलेला असतो. म्हणून चाचणीच्या किंवा रक्त घेण्याच्या दिवशी सफाई नको. जुन्या कोरड्या घरट्याचा थोडा भाग नव्या पिंजऱ्यात टाकायचा, आणि व्यालेल्या मादीला पहिले काही दिवस हातच लावायचा नाही.

उजेडाचं गणित वेगळं आहे. नियमावलीतला ३२५ लक्सचा आकडा जमिनीपासून एक मीटरवरचा आहे, म्हणजे माणसाला काम करता येईल इतका. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं. दीर्घकाळ प्रखर उजेडात त्याचा दृष्टिपटल झिजतो. ट्यूबलाइटखालच्या सर्वांत वरच्या फळीवरचे उंदीर आणि खालच्या फळीवरचे उंदीर वेगवेगळ्या जगात राहत असतात. वरच्या फळीवर पिंजऱ्यांऐवजी रिकामी ट्रे उपडी ठेवली तरी बराच फरक पडतो. आणि नॉर्मल कंट्रोल वर, हाय डोस तळाला, अशी गटवार मांडणी तर कधीच नको. प्रत्येक फळीवर प्रत्येक गट हवा. रात्रीचे बारा तास खरोखर काळोख हवा. टायमर असतो, पण वॉचमन फेरी मारताना दार उघडून ट्यूब लावतो. त्याला लाल बॅटरी द्या. लाल प्रकाश उंदराला फारसा दिसत नाही.

आवाजाचं गणित माणसाच्या कानाने करायचं नाही. आपण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, उंदीर ८०च्या आसपासपर्यंत. ट्रॉलीचं चाक, गळका नळ, ट्यूबचा इलेक्ट्रॉनिक चोक यांतून आपल्याला न ऐकू येणारे आवाज सतत निघत असतात. उंदीर स्वतःही तिथेच बोलतात: भीतीची हाक २२ किलोहर्ट्झला, खेळातला आनंद ५०ला. एका पिंजऱ्यातली भीती अशी आख्ख्या रॅकवर पोचते आणि आपल्याला पत्ताही नसतो. माणसाला ऐकू येणारा गोंगाट तर आहेच. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीची रात्रभर चालणारी विसर्जन मिरवणूक जवळून जात असेल, तर त्या आठवड्यात एलिव्हेटेड प्लस मेझ (भीती मोजायची चाचणी) किंवा रक्तदाबाची मोजणी ठेवू नका. व्यायला आलेल्या माद्या रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून आधीच हलवा. दणक्याने बिथरलेली मादी पिल्लं खाते. डीजे आपल्या हातात नाही, प्रयोगाचं वेळापत्रक आहे.

आता हाताळणी, जी माझ्या मते पिंजऱ्याहून महत्त्वाची आहे आणि जिला एक रुपयाही लागत नाही.

उंदीर पुण्याहून किंवा बेंगळुरूहून रस्त्याने रात्रभर हेलकावे खात येतात. आल्या दिवशी वजन, डोळे-नाक तपासणी, पाणी, बस. निदान आठवडाभर प्रयोग सुरू करायचा नाही. पहिले दोन दिवस निवांत. तिसऱ्या दिवसापासून पिंजऱ्यात नुसता हात ठेवायचा, त्यांना हुंगू द्यायचं. मग रोज उचलायचं. कोवळ्या उंदरांना गुदगुल्या करण्याची पद्धत चेष्टेची वाटते, पण तिच्यावर पक्कं काम झालेलं आहे. मानेच्या मागे बोटांनी भरभर खाजवायचं, मग अलगद उताणं करून पोटावर गुदगुल्या करायच्या, कुस्तीत उंदीर एकमेकांना पाडतात तसं. पहिल्या इंजेक्शनच्या आधी सलग तीन दिवस रोज १५ सेकंद एवढं पुरतं. जमलं असेल तर सोडल्यावर उंदीर हाताच्या मागे धावतो. अंग ताठ करून पडून राहिला तर थांबा.

उचलताना एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखालून, दुसरा मागच्या पायांखाली. शेपूट धरायचीच तर बुडाशी, क्षणभर, आणि मागच्या पायांना आधार देऊन. टोकाला धरून लोंबकळवलं तर शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते. जाड कातडी हातमोजे नकोत. त्यांतून दाब कळत नाही, आणि उंदीर चावतो तो बहुधा दाबल्यामुळेच. इंजेक्शनसाठी धरताना अंगठा आणि तर्जनी पुढच्या पायांच्या खालून हनुवटीकडे जातात, पण बरगड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. छाती आवळली की उंदीर गुदमरतो. गुलाबी नाक आणि पंजे निळसर दिसले की लगेच सैल सोडा.

हाताचा वासही मोजावा लागतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात पुरुषाच्या, किंबहुना पुरुषाने घातलेल्या शर्टाच्या वासानेही उंदीर आणि माइसमध्ये ताण वाढून वेदनेचा प्रतिसाद दबलेला दिसला; थोड्या वेळाने ते सरावतात. म्हणजे हॉट प्लेट किंवा टेल फ्लिकसारख्या वेदनेच्या चाचणीत निम्मे उंदीर विद्यार्थ्याने आणि निम्मे विद्यार्थिनीने केले, तर आकड्यांत तो फरक शिरतो. एकाच माणसाने करा, नाहीतर दोघांत गट सारखे वाटा. अत्तर, उदबत्ती, घरी मांजर असेल तर घरचाच शर्ट, आणि आपल्या भागात विशेषतः तंबाखू मळलेले हात, हे सगळं दाराबाहेर.

तोंडावाटे डोसिंगमध्ये सर्वांत जास्त उंदीर दगावतात, आणि अहवालात ते औषधाचे बळी म्हणून जातात. प्रमाण १० मिली प्रतिकिलो, म्हणजे २५० ग्रॅमच्या उंदराला २.५ मिली. अर्क दाट झाला म्हणून ५ मिली ढकलू नका. पोटातून उलटा घशात येतो आणि फुफ्फुसात उतरतो. गोल टोकाची १६ ते १८ गेजची सुई घ्या. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजा आणि तिथे खूण करा. डोकं थोडं वर करून तोंड आणि अन्ननलिका एका रेषेत आणायची, सुई तोंडाच्या कडेने, टाळूला लागून मागे न्यायची, गिळण्याची वाट बघायची. सुई जवळजवळ स्वतःच्या वजनाने उतरली पाहिजे. अडलं तर जोर नको, बाहेर काढून पुन्हा. खोकला, धाप, नाकाशी फेस दिसला तर सुई श्वासनलिकेत आहे. एक थेंबही सोडू नका. पोटात इंजेक्शन देताना डोकं खाली, सुई उंदराच्या उजव्या खालच्या बाजूला, कारण सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) सहसा डावीकडे असतं; आधी किंचित मागे ओढून बघायचं.

उपाशी ठेवण्याच्या सवयीवरही एकदा बोलायला हवं. उंदीर रात्री खातो. 'ओव्हरनाइट फास्टिंग' म्हणजे त्याचं मुख्य जेवणच काढून घेणं. सोळा तासांत वजन घटतं, यकृतातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतं आणि भुकेने तो तूस चघळतो. बहुतेक साखरेच्या चाचण्यांना सकाळपासून चार ते सहा तासांचा उपास पुरतो.

स्ट्रेप्टोझोटोसिनच्या गटाचं पाणी आणि बेडिंग वेगळं मोजा. निरोगी २५० ग्रॅमचा उंदीर दिवसाला २५-३० मिली पाणी पितो. मधुमेही उंदीर सहज १०० मिलीच्या पुढे जातो, आणि तेवढंच बाहेर सोडतो. तिघांच्या पिंजऱ्यातली २५० मिलीची बाटली सकाळपर्यंत कोरडी पडते. मग जो 'डायबेटिक कंट्रोल' म्हणून मोजला जातो तो तहानलेला, ओल्या तुसात बसलेला उंदीर असतो. दोन बाटल्या आणि रोज बेडिंग, एवढं या गटाला द्यावंच लागतं.

रोज बघायचं काय? वजन. डोळ्याभोवती आणि नाकाशी लाल डाग दिसले तर ते बहुधा रक्त नसतं, डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतलं पॉर्फिरिन हे लालसर रंगद्रव्य असतं. ताणलेला किंवा आजारी उंदीर अंग चाटायचं सोडतो आणि ते साचतं. वेदनेसाठी २०११ साली प्रसिद्ध झालेली चेहऱ्याची मोजपट्टी आहे: मिटत चाललेले डोळे, सपाट झालेलं नाक-गाल, मागे वळलेले कान, ताठ झालेल्या मिशा, प्रत्येकाला ० ते २ गुण. पाठ कुबडी, केस उभे, वजन २० टक्क्यांनी घटलेलं, म्हणजे त्या उंदराला प्रयोगातून काढण्याची वेळ आली. ही मर्यादा एथिक्स कमिटीकडे अर्ज करतानाच लिहून द्यायची असते; ऐनवेळी ठरवायला बसलं की प्रत्येकाला आणखी एक दिवस हवा असतो.

राहिला सुट्टीचा प्रश्न. गणेश चतुर्थीला, दिवाळीला, रविवारी अटेंडंट नसतो आणि गाईड फोनवर असतात. यादी आधी लावा आणि तिच्यात नाव एकाचंच असू द्या, 'कुणीतरी जाईल' नको. जो जाईल त्याने बाटलीत पाणी दिसतंय एवढ्यावर परत यायचं नाही. बाटली उलटी करून नळीचं टोक बोटाने दाबून बघायचं, थेंब आला पाहिजे. नळीत हवा अडकली असेल तर बाटली भरलेली दिसते आणि उंदीर तहानलेलाच राहतो. उलट नळी गळत असेल तर बाटली रिकामी आणि तूस भिजलेलं सापडतं. ती बाटली धुवून परत रॅकवर ठेवू नका, फेकून द्या.